आणून सोडलेले भेकर

मराठीतला ‘हरीण’ हा शब्द फार उदार आहे. बुलढाण्याच्या घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीत, ‘हरणांनी हरभरा खाल्ला’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा शेतकऱ्याच्या मनात काळवीट असते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदकडे, त्याच शब्दाने चितळ ओळखले जाते. घाटावर मेहकर-लोणारकडे चिंकारालाही हरीणच म्हणतात. नीलगायीला मात्र कोणी हरीण म्हणत नाही, ती ‘रोही’. या सगळ्यात एक लहानसा, एकलकोंडा प्राणी कायम मागे राहतो. तो म्हणजे भेकर. दिसतो कमी, ऐकू येतो जास्त; आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो आवाज कुत्र्याचा वाटतो.

या लेखाचा विषय भेकरच आहे. पण त्याच्याकडे जायला मी जरा लांबची वाट धरणार आहे, कारण या प्राण्याचा स्वभाव नीट कळायचा तर त्याचा एक चिनी चुलतभाऊ इंग्लंडात जाऊन काय करून बसला हे पाहावे लागते. घरच्या माणसाचे गुण परगावी गेल्यावर उघडे पडतात, तसा हा प्रकार आहे.

आधी कुळाची गोष्ट. ज्यांना आपण सरसकट हरणे म्हणतो त्यांची दोन वेगळी घराणी आहेत. अलीकडचे मराठी निसर्गलेखक एकाला सारंग म्हणतात, दुसऱ्याला कुरंग. सारंगांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात, दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. उगवताना त्यांच्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यातून रक्त वाहते. शिंग पुरे वाढले की ती वाळते आणि प्राणी झाडाला घासून ती काढून टाकतो. चितळ, सांबर आणि भेकर हे सारंग. कुरंगांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढवलेली पोकळ म्यान. ती आयुष्यभराची असते, तुटली तर पुन्हा येत नाही. काळवीट, चिंकारा, नीलगाय आणि चौशिंगा हे कुरंग. म्हणजे नात्याने पाहिले तर काळवीट चितळापेक्षा शेळीच्या जास्त जवळचे. पिसोरी, जिला काही ठिकाणी मूषकहरीण म्हणतात, ती तर या दोन्ही घराण्यांत बसत नाही. तिला शिंगेच नसतात.

भेकर सारंगांपैकी, पण फार जुन्या वळणाचे. आजच्या बहुतेक हरणांनी शिंगे वाढवली आणि सुळे टाकून दिले. भेकराने दोन्ही ठेवले आहे. नराच्या वरच्या जबड्यातून दोन वाकडे सुळे ओठाबाहेर डोकावतात. शिंगे जेमतेम वीतभर, टोकाशी आत वळलेली, बुडाशी एखादे छोटे फाटे असलेली. ती थेट कवटीवर उगवत नाहीत. केसाळ कातडीने झाकलेले दोन लांब हाडांचे खुंट कपाळातून मागे जातात आणि त्यांच्या टोकाला शिंगे असतात. हे खुंट खाली चेहऱ्यावर दोन उंचवट्यांच्या रूपाने डोळ्यांपर्यंत उतरतात, त्यांच्या कडेने काळ्या रेघा असतात, त्यामुळे समोरून पाहिले की चेहऱ्यावर इंग्रजी ‘व्ही’ काढल्यासारखा दिसतो. जुन्या इंग्रज शिकाऱ्यांनी यावरूनच त्याला ‘बरगड्यांच्या तोंडाचे हरीण’ अशा अर्थाचे नाव दिले होते. मादीला शिंगे नसतात. त्या जागी हाडाच्या छोट्या गाठी आणि त्यांवर केसांचे झुपके असतात. रंग तांबूस तपकिरी, अंग चकचकीत, पाय वरून काळपट, शेपटीची खालची बाजू पांढरीशुभ्र. उंची खांद्याशी दोन फुटांच्या आसपास, वजन वीस ते अठ्ठावीस किलो. शरीराची मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित उंच, त्यामुळे चालताना ते कायम काहीतरी हुडकत असल्यासारखे वाटते. पाय उचलून, एक एक पाऊल मोजून टाकत चालते. पाचोळ्यातही आवाज होत नाही.

डोळ्यांखाली दोन खोल खळगे असतात. त्या गंधग्रंथी. भेकर त्या हव्या तेव्हा उघडते, मिटते. त्यांतला स्राव जमिनीला, बुंध्याला, गवताच्या काडीला लावत फिरणे हा नराचा नित्याचा उद्योग. जीभ इतकी लांब की डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. एकट्याने राहणाऱ्या प्राण्याला या वासांच्या खुणा म्हणजे शेजाऱ्यांशी चालणारा पत्रव्यवहार: कोण आले होते, कधी, नर की मादी. कळप करणाऱ्या चितळाला इतकी लिखापढी लागत नाही, त्याला शेजारी दिसतच असतो.

पण भेकराची खरी ओळख त्याचा आवाज. बोथ्याच्या बाजूला, ज्ञानगंगा अभयारण्यात, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर मी काही वेळा बसलो आहे. विदर्भातल्या जंगलांत वैशाखाच्या या रात्री, चांदण्यात, पाण्यावर येणारे प्राणी मोजण्याची जुनी रीत आहे. एका अशाच रात्री, साडेदहाच्या सुमारास, नाल्याच्या पलीकडून एकच कोरडा, खरखरीत भुंकारा आला. मग चार-पाच सेकंद शांतता. पुन्हा तसाच एक. मग पुन्हा. शेजारी बसलेला गावचा मजूर, वणवे विझवण्याच्या कामावर असणारा, हलक्या आवाजात म्हणाला, “सर, कुत्रं नाई ते. भेडकी हाये. खाली जनावर चाललं असंन.” कुत्रा एका दमात आठ-दहा वेळा भुंकतो, सूर चढवतो, उतरवतो. भेकर एका सुरात, जवळपास सारख्या अंतराने, कधी अर्धा-पाऊण तास भुंकत राहते. त्या रात्री वीस मिनिटे चालले. शेवटी पाण्यावर आली ती अस्वलाची मादी, पाठीवर दोन पिल्ले घेऊन. भेकर आलेच नाही. माझ्या वहीत त्या रात्रीच्या नोंदीत अस्वले तीन, भेकर एक, आणि भेकरापुढे कंसात ‘फक्त आवाज’ असे आहे.

हे भुंकणे कशासाठी, यावर बरेच लिहिले गेले आहे. बिबट्या दिसला की भेकर भुंकते हे खरे, पण नुसता संशय आला तरी भुंकते. जिथे झुडपे दाट, नजर पोचत नाही, तिथे जास्त भुंकते. एकट्याने राहणाऱ्या प्राण्याला सावध करायला कळप नसतो, मग हा इशारा कोणासाठी? सर्वांत पटणारे उत्तर असे की तो शिकाऱ्यासाठीच असतो. बिबट्याचे सारे भांडवल म्हणजे लपणे. ‘तू दिसलास’ हे कळले की त्याचा डाव मोडतो आणि तो बहुधा निघून जातो. बिबट्या तिथून हलला हे कळेपर्यंत भुंकत राहण्यात भेकराचा फायदा आहे. माकडांपासून मोरापर्यंत इतर सगळे हा इशारा फुकटात ऐकतात, आणि मचाणावरचे आम्हीही. पळताना मात्र भेकर वेगळाच आवाज काढते, दोन लाकडी चिपळ्या आपटल्यासारखा. तो दातांचा की जिभेचा, यावर जुन्या शिकाऱ्यांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत.

आहाराने ते निवडक आहे. चितळ चरते, भेकर वेचते. कोवळी पालवी, फुले, पडलेली फळे, अळिंबी; प्रसंगी पक्ष्याचे अंडेही सोडत नाही. आवळ्याचे तर त्याला वेड. राजाजी राष्ट्रीय उद्यानात झालेल्या अभ्यासात दिसून आले की आवळ्याच्या बिया दूरवर नेण्याचे काम प्रामुख्याने चितळ आणि भेकर करतात. फळ न चावता गिळायचे, मग कुठेतरी सावलीत बसून रवंथ करताना कठीण बी तोंडातून बाहेर टाकायची. ज्याने बाभळीच्या शेंगा खाल्लेली शेळी रवंथ करताना पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल. म्हणजे जंगलात आवळ्याचे एखादे रोप मूळ झाडापासून लांब, भलत्याच ठिकाणी उगवलेले दिसले, तर तिथे कधीतरी कोणीतरी निवांत बसले होते असे समजायला हरकत नाही.

आता चुलतभावाकडे. इंग्रजीत या सगळ्या गोतावळ्याला ‘मुंटजॅक’ म्हणतात. शब्द जावा बेटावरच्या सुंदा भाषेतला, डचांच्या तोंडून इंग्रजीत आलेला. या गोतावळ्यात आपले भेकर आहे, तसेच आग्नेय चीन आणि तैवानमधले एक छोटे भेकर आहे. त्याला जॉन रीव्ह्ज यांचे नाव दिले आहे. हे रीव्ह्ज ईस्ट इंडिया कंपनीचे कँटन बंदरातले चहाचे निरीक्षक. चहा तपासता तपासता त्यांनी चिनी चित्रकारांकडून वनस्पती-प्राण्यांची शेकडो चित्रे काढून घेतली, ती आज लंडनच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात आहेत. या हरणाचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये विल्यम ओगिल्बी यांनी केले. उंची दीड फुटाच्या आसपास, वजन दहा ते अठरा किलो. म्हणजे एखाद्या मध्यम कुत्र्याएवढे. शिंगे आणखी आखूड, पाठ कमानीसारखी, बाकी घडण भेकराचीच: सुळे, चेहऱ्यावरचा ‘व्ही’, डोळ्यांखालचे खळगे, भुंकणे.

इंग्लंडात बेडफर्डशायर परगण्यात वोबर्न नावाची सरदारी इस्टेट आहे. तिथले अकरावे ड्यूक हर्ब्रँड रसेल हे लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीचे १८९९ पासून १९३६ पर्यंत अध्यक्ष होते. त्यांना जगभरातली हरणे आपल्या बागेत पाळण्याचा नाद. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांनी आपले भारतीय भेकर आणले आणि मग चिनी भेकरही. भारतीय भेकर तिथे फार काळ टिकले नाही. चिनी टिकले, बागेतून निसटले, विसाव्या शतकाच्या आरंभी आसपासच्या रानात मुद्दाम सोडलेही गेले. अनेक वर्षे इंग्रजी पुस्तकांतून असे छापले जात होते की तिथली रानटी भेकरे ही या दोन जातींचा संकर आहेत. ते खरे नव्हते, आणि ते का शक्य नव्हते याचे उत्तर आपल्या भेकराच्या पेशीत सापडले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण भेकराविषयीची सर्वांत विलक्षण गोष्ट त्याच्या रूपात किंवा आवाजात नाही, ती डोळ्यांना दिसतच नाही. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. चिनी भेकराच्या पेशीतही ४६. १९७० मध्ये डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के या दोघांनी भारतीय भेकराच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या तेव्हा मादीत फक्त ६ आणि नरात ७ निघाली. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या आजवर कुठे आढळलेली नाही. माहिती हरवली म्हणून संख्या कमी झाली असे मात्र नाही. ४६ पातळ खंडांचा ग्रंथ कोणी पुन्हा बांधून सहा जाडजूड खंडांत आणावा, पाने जवळपास तीच राहावीत, असे काहीसे झाले आहे: पूर्वजांची गुणसूत्रे टोकाला टोक जोडत एकमेकांना चिकटत गेली. नरात एक जास्त का, तर लिंग ठरवणारे एक गुणसूत्रही दुसऱ्या एका साध्या गुणसूत्राला चिकटले आहे, त्यामुळे नराच्या वाट्याला बिनजोडीचे एक शिल्लक राहते. गुणसूत्रे इतकी थोडी आणि इतकी मोठी असल्यामुळे पेशीविभाजनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत भेकराच्या पेशी जगभर वाढवल्या जातात. ज्या प्राण्याचे मराठी नाव शहरातल्या मुलांना माहीत नसते, त्याच्या पेशी परदेशातल्या फ्रीजमध्ये पिढ्यान् पिढ्या जगत आहेत, हे मला नेहमी गमतीचे वाटते. असो. ६ आणि ४६ यांची जोडी लागणे इतके अवघड की बंदिस्त जागेत या दोघांचे पिल्लू जन्मले तरी त्याचा वंश पुढे जात नाही. इंग्लंडच्या रानात जे वाढले ते निखळ चिनी भेकर.

आणि ते काय वाढले! नॉर्मा चॅपमन, स्टीफन हॅरिस आणि अ‍ॅन स्टॅनफर्ड यांनी १९९४ मध्ये या पसरण्याचा इतिहास तपासला. स्वतःच्या पायांनी हा प्राणी वर्षाला साधारण एक किलोमीटर या वेगाने पुढे सरकतो. त्या हिशेबाने तो शंभर वर्षांत वोबर्नपासून शंभर किलोमीटरवर पोचायला हवा होता. तो त्याच्या कितीतरी पुढे पोचला, कारण माणसे त्याला गाडीत घालून नेत होती. कोणी आपल्या इस्टेटीत शोभेला नेले, कोणी जखमी सापडलेले बरे करून भलत्याच रानात सोडले. पुढे झालेल्या जनुकीय अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: ब्रिटनभर पसरलेली ही सारी प्रजा मोजक्याच माद्यांची संतती आहे. प्राणी कमी संख्येने आणले तर धोका कमी, ही समजूत इथे टिकत नाही.

वाढीचे कारण त्याच्या प्रजननात आहे. हरणांचा बहुतेक वेळा एक हंगाम ठरलेला असतो. चिनी भेकराला हंगाम नाही. मादी सात-आठ महिन्यांची झाली की माजावर येते. गर्भ सात महिने, एका वेळी एक पिल्लू, आणि पिल्लू झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा गाभण. शिंगे मात्र तिथल्या नरांची ठरल्या ऋतूत, उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. मायदेशी या वेगवान प्रजननाला बिबट्या, रानकुत्रे, अजगर, शिकारी यांचा लगाम होता. इंग्लंडात लांडगा आणि लिंक्स कधीच संपले होते. कोल्हा एखादे पिल्लू उचलतो, मोटारी काही मारतात, कडक हिवाळा काही मारतो. बाकी मोकळे रान.

याचा परिणाम तिथल्या रानाच्या खालच्या थरावर झाला, जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या. वसंतात इंग्रजी रानांत निळ्या घंटेसारख्या फुलांचे गालिचे उमटतात, त्यांची पिवळी प्रिमरोझ फुले, रानातल्या ऑर्किड: हे सगळे बरोबर भेकराच्या तोंडाच्या उंचीचे, आणि ते वेचून खाणारे. केंब्रिजशायरमधल्या मंक्स वुड या राखीव रानात हे नुकसान वर्षानुवर्षे मोजले गेले आहे. तिथे झाडे बुडापासून तोडून पुन्हा फुटू देण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे सागाच्या खुंटाला फुटवे येतात तसेच. ते कोवळे फुटवे भेकरे खुडत असल्यामुळे झुडपांचा दाट थर तयारच होत नाही. आणि त्या दाट थरात नाइटिंगेल घरटे करतो. आपल्या अनुवादकांनी या पक्ष्याचे कधी बुलबुल केले, कधी कोकिळा. तो दोन्ही नाही. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड रानात काही तुकड्यांना हरणे येऊ नयेत असे कुंपण घालून पाहिले, तेव्हा नाइटिंगेल कुंपणाच्या आतल्या झुडपांतच बहुतेक वेळ राहिले. न्यायाने सांगायचे तर त्या रानात फक्त भेकरे नाहीत, रो आणि इतर हरणेही आहेत. सारा दोष एकावर टाकता येत नाही. पण इंग्रजी कवितेत शतकानुशतके गाणाऱ्या पक्ष्याच्या पायाखालची झुडपे एका चिनी हरणाने खाल्ली, आणि ते हरीण एका हौशी सरदाराने आणले होते, एवढे तरी नक्की.

आज इंग्लंडात भेकर रानात सोडणे हा गुन्हा आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये घातक परक्या प्रजातींची पहिली यादी केली, तिच्यात हे चिनी भेकर आहे. इतर हरणांना माद्यांच्या विणीसाठी शिकारबंदीचा काळ असतो, याला नाही. कारण विणीचा काळ बाराही महिने. जपानमध्येही असेच झाले. टोकियोच्या पूर्वेला बोसो द्वीपकल्पावर आणि इझू-ओशिमा बेटावर, बंदिस्त बागांतून सुटलेल्या या हरणांनी ठाण मांडले आहे. तिथे त्याला क्योन म्हणतात, आणि भाजीपाला पिकवणारे शेतकरी त्याच्याविषयी जे बोलतात ते आपल्याकडे रोह्यांविषयी बोलतात त्याहून निराळे नसावे.

ड्यूकना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण त्याच वोबर्नमध्ये त्यांनी चीनमधले मिलू नावाचे मोठे हरीण जगवले. चीनमध्ये शेवटची मिलू मारली गेली तेव्हा युरोपच्या प्राणिसंग्रहालयांतून उरलेसुरले प्राणी त्यांनी एकत्र आणले, वाढवले, आणि १९८५ मध्ये त्यांचे वंशज बीजिंगला परत गेले. एका माणसाने एका कुंपणात एक जात वाचवली आणि दुसरी मोकाट सोडली, दोन्ही एकाच हौसेपोटी. म्हणून मला या गोष्टीत हेतूपेक्षा कुंपणाची दुरुस्ती महत्त्वाची वाटते.

आपणही यातून सुटलेले नाही. अंदमानात मुळात हरीण नव्हते. इंग्रजांनी तिथे चितळ नेऊन सोडले. बिबट्या नाही, वाघ नाही. चितळ बेटांमागून बेटे पोहत ओलांडत गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की जिथे चितळ जास्त, तिथे जंगलातला खालचा हिरवा थर विरळ, आणि त्या थरात राहणारे सरडे-पाली कमी. पेंच-मेळघाटात ज्याला पाहून पर्यटक खूश होतात, वाघाचे अन्न म्हणून ज्याच्या संख्येची चिंता केली जाते, तेच चितळ अंदमानात उपद्रवी. प्राणी तोच असतो, त्याच्याभोवतीची माणसे आणि जनावरे बदलतात.

हे सगळे मला बुलढाण्यात बसून सांगावेसे वाटले, त्यालाही कारण आहे. आमच्या जिल्ह्यात जंगल आहे ते दोन कडांना. उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य, मेळघाटाला लागून. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवर, बुलढाणा-खामगावच्या मध्ये, ज्ञानगंगा; जेमतेम २०५ चौरस किलोमीटरचे. मध्ये पूर्णेचे खोरे, कपाशी, सोयाबीन, रस्ते, रेल्वे. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत आला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ केले. त्याला जोडीदार म्हणून दुसरीकडून वाघीण आणून सोडावी का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. वाघीण आणली गेली नाही आणि पुढे तो वाघ गौताळ्याकडे निघून गेला. पण त्या काळात गावागावांत एक वाक्य ऐकू यायचे: वाघ राहायचा असेल तर इथे हरणे आणून सोडा. आजही ऐकू येते. कोणती हरणे, किती, कुठून, आणि इथली जी आहेत त्यांचे काय, हे प्रश्न त्या वाक्यात नसतात.

इथली जी आहेत त्यांत भेकर आहे. धावडा, सालई, तेंदू, आवळा, मोह यांच्या कोरड्या रानात ते नाल्यांच्या कडेला, करवंदीच्या जाळ्यांत राहते. घाणेरीसारख्या परक्या झुडपाने रान दाटले तर त्याला लपायला जागा मिळते, पण खायला मिळत नाही. आडोसा वाढतो, अन्न घटते. मोसमही त्याचा इंग्लंडातल्या चुलतभावापेक्षा बेताचा. आपल्याकडच्या जुन्या निरीक्षकांनी नोंदवले आहे की नरांची शिंगे मे-जूनमध्ये गळतात, माजाचा जोर थंडीत असतो आणि पिल्ले पावसाच्या तोंडाशी जास्त दिसतात. अंगावर पांढरे ठिपके असलेले ते पिल्लू आई दिवसभर झुडपात लपवून ठेवते. त्याच दिवसांत गावातली मोकाट कुत्री जंगलाच्या कडेने टोळीने फिरत असतात. बिबट्याला भुंकून परतवता येते, कुत्र्यांच्या टोळीला नाही. कोंडीत सापडलेला नर सुळ्यांनी कुत्र्याला चांगलाच फाडतो, मादीकडे तेही शस्त्र नाही.

भेकराची संख्या आमच्याकडे किती, याचे उत्तर मोजणीवर अवलंबून, आणि मोजणी नावावर. इथे गाठ पडते ती ‘भेडकी’ या शब्दाशी. मचाणावरच्या त्या मजुराने भेकराला भेडकी म्हटले. सातपुड्याकडच्या काही गावांत मी हाच शब्द चौशिंग्यासाठी ऐकला आहे. दोघेही लहान, तांबूस, एकटे, झुडपात राहणारे, उंचीला जवळपास सारखे. चांदण्यात, ओलांडून जाताना, दोघांत फरक करणे खरोखर अवघड आहे. पण चौशिंगा हा कुरंग. जगात फक्त भारत आणि नेपाळात राहणारा, आणि चार शिंगे असलेला एकमेव वन्य प्राणी. त्याची संख्या घटते आहे. ज्या वहीत दोघे एका शब्दाखाली जातात, तिथे एकाचे वाढणे दुसऱ्याचे संपणे झाकून टाकू शकते. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत जंगलातल्या माणसांच्या तोंडचे शब्द आयुष्यभर गोळा केले. त्या शब्दांपुढे ते कोणत्या गावात कोणत्या जनावराला लावतात हेही लिहायला हवे, नाहीतर शब्द राहील आणि जनावर निसटेल.

मी स्वतः काही साध्या खुणा वापरतो. शेपटी वर करून पळाले आणि पांढरे चमकले तर बहुधा भेकर. पुढच्या पायांवरून बाहेरच्या अंगाने काळी उभी पट्टी दिसली तर चौशिंगा. नर असेल तर कानांमधल्या शिंगांशिवाय कपाळावर, डोळ्यांच्या जरा वर, दोन बोटभर खुंट दिसतात का ते पाहायचे. ते असतील तर चौशिंगा, चेहऱ्यावर काळा ‘व्ही’ असेल तर भेकर. चौशिंगा ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे पाऊलवाटेजवळ लेंड्यांचा ढीग दिसला तर दिवसाही त्याची नोंद करता येते. आणि रात्री, काहीच दिसत नसताना, एका सुरात, थांबत थांबत, न थकता भुंकणारे ऐकू आले तर ते भेकर. माझ्या वहीत आता या दोघांसाठी दोन वेगळे रकाने आहेत, आणि तिसरा रकाना ‘भेडकी’ असा, ज्यात सांगणाऱ्याचे गाव लिहितो.